आईची नवमी

आई गेली तेव्हा मी बारावीत होते. मुलुंडच्या आमच्या घरी भेटायला आलेल्या बायका एकच बोलत होत्या, "भाग्याची गं, सवाष्ण गेली." इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला तारखा कळायच्या, तिथ्या नाही. आई चैत्रात गेली, तरी तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला का, हे मला काकूने सांगितलं. नवरा असताना गेलेल्या बाईची तीच तिथी. अविधवा नवमी.

त्या दिवशी आम्ही शेजारच्या मावशींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचो. बाबा गुरुजींसमोर बसायचे, सारखे घड्याळ बघत. आई होती तेव्हा ते तिच्याशी कामापुरतं बोलायचे. ती जेवायची ती त्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून. वर्षातला हा एक दिवस मात्र तिच्या एकटीचा होता. पहिलं पान तिच्या नावाचं. मला तो दिवस आवडायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही, श्राद्ध आवडतं असं कोण सांगतं?

मग बाबाही गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पितृपक्ष आला. आता करणारे काकाच, म्हणून त्यांना फोन केला.

"काका, नवमीचं गुरुजींना सांगितलंत ना?"

"नवमी आता नाही करायची गं. दादा गेला ना. वहिनीचं आता त्याच्याबरोबरच, त्याच्या तिथीला, षष्ठीला."

"पण ती आधी गेली, काका."

मागून काकूचा आवाज आला, "कॉन्व्हेंटमध्ये हे पण शिकवतात वाटतं!" काका हसले. मीही थोडी हसले आणि फोन ठेवला.

षष्ठीला वडे बाबांना आवडायचे तसे कडक झाले. गुरुजींनी आईचं नाव बाबांच्या मागून घेतलं, आणि पुढे गेले.

नवमीला सकाळी मरोळच्या ऑफिसला निघाले, तर लिफ्टपाशी मावशी.

"आज नवमी ना? यंदा बोलावलं नाहीस." मग त्यांनाच आठवलं. "हां, बाबा गेले नाही का तुझे. मग बंदच."

"तरी या ना रात्री जेवायला." एवढं म्हणायलाही मला धीर गोळा करावा लागला.

"नको गं, तसं चालत नाही." लिफ्ट आली. मावशींनी माझ्या गालाला हात लावला. "बरंच झालं की. दोघं एकत्र आहेत आता."

मी जिन्याने उतरले.