आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत सासऱ्यांनी टेम्पोतून दोन स्पीकर आणून उभे केले. एकेक माझ्या कमरेएवढा. अंधेरीतलं एक छोटं थिएटर बंद झालं, तिथले. सासूबाई म्हणाल्या, "आता माणसांनी बसायचं कुठे?"

"यांच्यावरच बस," बाबा म्हणाले.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र नव्हता. "एवढ्या धुडांना शंभर वॅट तरी हवेत," असं नवऱ्याचं ठाम मत. त्याला शनिवारी ऑफिस होतं, म्हणून बाबांबरोबर घाटकोपरच्या दुकानात मी निघाले. बाबांनी एक स्पीकरही सोबत घेतला. "चपला घ्यायला जाताना पाय घरी ठेवतं का कुणी?" रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये तो बसला. रिक्षावाला वळून म्हणाला, "म्हणजे तीन शिटा झाल्या की!"

दुकानदाराने शंभर वॅटचा चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर जोडला. रेकॉर्ड लावून बटण जरासं फिरवलं आणि अख्खं दुकान दणाणलं. बाबा खूश. "झकास!"

त्याने रेकॉर्ड थांबवली, तरी मला काहीतरी ऐकू येत होतं. लहानपणी मी सात वर्षं गाणं शिकले होते, पण नवीन सुनेने दुकानात काय बोलायचं? तरी बोललेच. "बाबा, गाणं बंद आहे ना? मग हा सूं सूं आवाज कसला?"

दुकानदार हसला. "ताई, गाणं लागलं की कळणार पण नाही."

मागे टेबलावर तारांना डाग देत बसलेला म्हातारा मालवणी कारागीर मात्र उठून आला. त्याने स्पीकरला कान लावला. "पोरीचं बरोबर आहे. हे थिएटरचे स्पीकर, थोड्याशा वॅटवर हॉल भरणारे. गाणं मोठं करतात, तशी अ‍ॅम्प्लिफायरची खरखरही मोठी करतात. वॅट कित्याक मोजतास?"

त्याने स्वतः बांधलेला एक साधा पत्र्याचा डबा काढला. आठ वॅटचा. बाबांचा चेहरा पडला. "आठ? आमच्या न्हाणीघरातला बल्बसुद्धा पंधराचा आहे हो!"

डबा जोडला. आधी काहीच ऐकू आलं नाही, अगदी काहीच. मग त्या शांततेतून तानपुरा उमटला, आणि गाणारीने आलापाआधी घेतलेला श्वास. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, कुठला घ्यायचा? तू सांग."

"हा," मी डब्यावर हात ठेवला.

नवऱ्याने संध्याकाळी डबा पाहून कपाळावर हात मारला. पण गाणं लागलं तसा बूट न काढताच तो खाली बसला. त्यानंतर रविवारी सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणत, "अगं, गॅस बंद कर नि ये. सुरू करतोय." एकदा सासूबाईही हातातली मेथीची जुडी घेऊन बाहेर आल्या आणि ऐकत राहिल्या. त्या दिवशी आम्ही जेवलो तेव्हा तीन वाजले होते.