आवाज आधी

हमीदभाऊ गेल्याचा फोन अहेरीहून त्यांच्या मुलीने, शबानाने केला. बातमी सांगून ती म्हणाली, "काका, एक विचारू? अब्बाकडून खरंच राहून गेलतं का ते?" मी म्हणालो, "बेटा, आवाज येत नाही..." आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

हमीदभाऊ आमच्या टेलिफोन केंद्रातले तंत्रज्ञ, मी त्यांचा नवशिका साहेब. त्यांचा हात वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसलेला; वायर हाती आली की माणूस जेवण विसरे. कुठेही फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज येऊन राह्यला का?" दोन हजार सालानंतर अहेरीच्या दवाखान्याला नागपूरच्या डॉक्टरांशी जोडणारी वेगवान लाइन आली. एकाच तारेतून आवाज, चित्र, कागदपत्रं, सगळं जायचं. गर्दी झाली की आधी कोणाला सोडायचं, हे यंत्राला सांगून ठेवावं लागे. हमीदभाऊंनी पहिला मान आवाजाला दिला होता.

उद्घाटनाला मोठे साहेब येणार, आणि पडद्यावरचा चेहरा अडकत अडकत हले. मला लाज वाटली. म्हटलं, चित्र पुढे घेऊ.

"साहेब, तोंड अटकलं तं अटकू द्या. डाक्टर काय बोल्ला ते तं आयकू आलं पायजे ना?"

यंत्राचा पासवर्ड माझ्याकडेही होता. बदल मीच केला. संध्याकाळी परत फिरवतो, म्हणालो. टाळ्या झाल्या, जेवणं झाली, आणि मी साफ विसरलो.

तिसऱ्या दिवशी जंगलातल्या गावाहून साप चावलेली एक बाई आणली. पडद्यावर नागपूरचे डॉक्टर लख्ख दिसत होते, ओठ हलत होते, शब्द मात्र तुटत होते. साधा फोन लागेपर्यंत वेळ गेला. बाई वाचली... हात गेला.

चौकशीत हमीदभाऊच आधी बोलले, "आवाज परत पुढं घ्याचं माह्याकडून राहून गेलं." चोर सोडून संन्याशाला सुळी, चोर शेजारीच मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन बोललात असं?"

"तुमची नोकरी नवी हाय साहेब." पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांची बढती गेली, माझी झाली.

परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो. त्यांचा फोन खिडकीशी तसाच, तारेला एक पीळ नाही. शबानाने चहा दिला. मी भित्र्यासारखा चहा पिऊन उठलो.

म्हणून हे लिहितोय. शबाना, आवाज येऊन राह्यला का? त्या दिवशी तुझा प्रश्न मला नीट ऐकू आला होता. तुझ्या अब्बांकडून काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझ्याकडून.