इंडेक्समावशी

चाकणात कुणी घर घेतलं की बाकीच्या बाया विचारायच्या, खण किती, आडाला पाणी कसं आहे. इंडेक्समावशी विचारायची, "दस्तात किंमत किती लिवलीय?" उत्तर मिळालं नाही तरी तिचं अडत नसे. पुढच्या आठवड्यात ती एसटीने खेडला जायची, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोधाची फी भरायची आणि इंडेक्सचं बाड उघडून स्वतःच बघून यायची. गावोगावच्या घरांची खरेदी-विक्री त्या बाडात ओळीने लिहिलेली असते आणि ती कुणालाही पाहता येते, हे आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यावरूनच तिला हे नाव पडलं.

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि संध्याकाळी प्रौढ बायांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. मावशी तिथे आली. पंचेचाळिशीची, विधवा, कांद्याच्या वखारीत निवडायला जाणारी. कशासाठी शिकायचंय, असं मी प्रत्येकीला विचारायचे. कुणाला पोथी वाचायची असे, कुणाला मुलाचं पत्र. ती म्हणाली, "मला एक खरेदीखत वाचायचं हाय. त्याच्यावर माझा अंगठा हाय."

नवरा गेल्यावर तिने आणि धाकट्या दिराने सामाईक घर विकलं होतं. व्यवहार एका दलालाने जमवला. चौदाशे रुपये आले म्हणून सांगण्यात आलं आणि निम्मे तिच्या हातावर पडले. पुढे तिच्या कानावर आलं की घर बऱ्याच जास्त किमतीला गेलं. सगळी धावपळ दिरानेच केली होती. तिने त्याला काही विचारलं नाही, बोलणंच टाकलं. एकाच आळीत राहून दोघं सात वर्षं मान वळवून एकमेकांच्या दारावरून जात.

वर्षभरात ती वाचायला शिकली आणि मी तिच्याबरोबर खेडला गेले. कारकुनाने दस्ताचं पान काढून दिलं. ती त्यावर बराच वेळ वाकून राहिली आणि मग माझ्याकडे वळली. "बाई, ही कंची अक्षरं? तुमी तर ही शिकवली न्हाईत."

दस्त मोडीत होता. मोडी मलाही येत नव्हती. कारकून भला माणूस. "आणा, मी वाचून दाखवतो," म्हणाला. मावशीने पानावर हात ठेवला. "नगं, दादा. दुसऱ्यानं वाचून दाखवलं म्हनून तर अंगठा दिला व्हता."

माझे वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी तिला मोडी शिकवली. वखारीतून सुटली की ती तशीच आमच्या ओसरीवर यायची, हातांना कांद्याचा वास. ह्या अक्षराचा पाय असा का वळतो, लिहिताना हात का उचलायचा नाही, अशा प्रश्नांनी ती त्यांना दमवायची. चार महिन्यांनी आम्ही पुन्हा खेडला गेलो. तिने पान वाचलं आणि नक्कल मागून घेतली.

गाडीतून उतरून ती थेट दिराच्या अंगणात गेली. तो दोर वळत बसला होता. तिने उभ्यानेच, ओळीखाली बोट धरून, खरेदीखत पहिल्यापासून वाचायला घेतलं. किंमत वाचून ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"परत वाचा, वैनी," तो म्हणाला.

"रुपये दोन हजार चारशे."

त्याच्या हातातला दोर सुटला. "मला त्या दलालानं चौदाशेच दिलं वो. त्यातलं निम्मं तुमाला आणून दिलं. मला कुठं वाचता येतंय? तुमच्यावानी मीबी अंगठाच दिला."

मावशीने कागदाचा शेवट पाहिला. दोघांच्याही नावांपुढे 'निशाणी अंगठा' असंच लिहिलेलं होतं. ती ओट्यावर बसली. दलाल केव्हाच वारला होता, पैसे परत येण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, "सात वर्सं फुकट गेली, भावजी." दीर आत गेला आणि तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

मला वाटलं, आता हिचा शोध संपला. पण तिला त्या बाडाची गोडीच लागली होती. माझ्याबरोबर चालताना ती एखाद्या घरापुढे थांबायची. "हे सहाशेला गेलं, पडवी न्हवती तवा. तीन वर्सांत बाराशे. पडवीचं एवढं व्हत न्हाई बाई, मधी काय झालं आसंल?" आणि ते कळेपर्यंत तिला चैन नसे. लोक मुद्रांक वाचवायला आकडा कमी लिहितात, हेही ती ओळखून होती. गावात कुणी बाई घर विकायला निघाली की मावशी आपणहून तिच्याकडे जायची, त्या आळीतल्या विक्रीचे आकडे सांगायची आणि कागदही वाचून दाखवायची. मात्र वाचून झाल्यावर बजावायची, "माझ्यावर इस्वास ठिवू नगा. बाईंच्या वर्गाला या." माझ्या वर्गातल्या निम्म्या बाया तिनेच आणलेल्या.

पिंपरीकडे कारखाने येऊ लागले तशा तिकडच्या किमतींच्या गोष्टी चाकणापर्यंत पोचल्या. तिला त्या खऱ्या वाटत नव्हत्या. "तिकडलं दप्तर पुन्याला आसतं म्हनं. एकदा जाऊन बघू," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. मी दर वेळी हो म्हणायचे. ते राहून गेलं. दशक सरता सरता ती चार दिवसांच्या तापाने गेली.

तिचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी तिचा दीर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बायांच्या वर्गात यायला संकोचलेला. हातात पाटी होती.

"वैनी शिकवत व्हती मला, घरी," तो म्हणाला. "ट पातुर झालंय. ठ पासनं तुमी शिकवा."