वन्संनी निवडलेलं मशीन

शरयूवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. साताऱ्याहून त्यांच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. रोज पहाटे उठून अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालणाऱ्या बाई आज बाहेर आल्या नाहीत, हाका मारल्या, शेवटी दार ढकललं तर... पुढचं त्यांना सांगवेना. झोपेतच गेल्या होत्या. निवृत्तीला अजून अवकाश होता. आदल्याच आठवड्यात त्या सांगलीला आमच्याकडे आल्या होत्या, माझ्या हातची चकोल्यांची आमटी खाऊन गेल्या होत्या, आणि जाताना म्हणाल्या होत्या, "नलू, पुढच्या वेळी तू ये. तुला धुक्यात विमान उतरवून दाखवते."

तेराव्याला अण्णांच्या घरी पंगत होती. अण्णा म्हणजे वन्संचे आणि आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, सांगलीतले वकील. जेवणाआधी ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आमच्या शरूनं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. त्यागाची मूर्ती होती ती." मग रुमाल डोळ्यांना लावला. रुमाल कडक इस्त्रीचा होता आणि तसाच कोरडा खिशात परत गेला. पानांवर बसलेल्यांनी माना हलवल्या. यातल्या निम्म्या लोकांनी वन्संना दोन वर्षांपूर्वी वेड्यात काढलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी ते चवीनं ऐकलं होतं. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. पानावरच्या माणसांना बोलू नये असं माझी आई सांगायची, म्हणून मी वाढत राहिले. पण कागदावर बोलायला काही हरकत नाही. अण्णा हे वाचतील. वाचावं त्यांनी.

वन्सं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. वडील लवकर गेले, आणि या मुलीच्या पगारावर अण्णांची वकिली झाली, आमच्या ह्यांचं बी.कॉम. झालं, घराला गिलावा झाला. त्याबद्दल घरानं त्यांना काय दिलं, तर 'शरूला संसाराची आवडच नाही' अशी ख्याती. ती ख्याती कशी तयार झाली तेही सांगते. मिरजेचे एक शिक्षक त्यांना बघून गेले होते आणि त्यांना त्या पसंत होत्या. अण्णांनी परस्पर कळवलं की मुलीला लग्न करायचं नाही; आणि घरात सांगितलं की नकार तिकडून आला. वन्संना खरं कळलं ते कितीतरी वर्षांनी, त्या शिक्षकांची बहीण त्यांच्याच ऑफिसात बदलून आली तेव्हा. मला त्यांनी हे मेथी निवडता निवडता सांगितलं. "अण्णांना विचारलंत का?" मी म्हटलं. "काय विचारू? पगार बंद होईल म्हणून भ्यालात का, असं?" एवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी झटकली. पुढं त्यांनी साताऱ्याला बदली मागून घेतली, पोवई नाक्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि घराला पैसे पाठवायचे बंद केले. अण्णा तेव्हापासून त्यांना 'तऱ्हेवाईक' म्हणू लागले.

खेळाचं वेड लागलं ते सांगलीतल्या एका कॉम्प्युटर प्रदर्शनात. मीच त्यांना नेलं होतं. एका कोपऱ्यात विमान चालवण्याचा खेळ मांडला होता, आणि कॉलेजची पोरं विमान वर नेऊन आपटत होती. वन्सं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग पदर खोचला, खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा समुद्रात, दुसऱ्यांदा झाडांत आणि तिसऱ्यांदा धावपट्टीवर उतरल्या. मागं वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. इतकी वर्षं मी त्यांना फक्त समजूतदार बघितलं होतं.

वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे हातात आल्यावर त्यांनी जाहीर केलं की खेळण्यासाठी घरी कॉम्प्युटर घेणार. मग आम्ही दोघी सांगलीतली दुकानं हिंडलो. त्या काळातली ती कॉम्प्युटरची दुकानं ज्यांनी बघितली आहेत त्यांना सांगायला नको. दारात चपला काढायच्या, जणू आत विठोबाच उभा आहे. पडदे ओढलेले, उदबत्ती लावलेली, मशीनवर लेस लावलेला कपडा पांघरलेला, आणि टाय बांधून बसलेला मालक, ज्याला सगळा गाव 'सर' म्हणायचा. अशाच एका सरांनी आम्हाला बसवलं आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा नाही. मला खेळायचंय," वन्सं म्हणाल्या.

सर हसले. मग त्यांनी आम्हाला ज्ञानकोशाची सीडी दाखवली, टायपिंग शिकवणारी सीडी दाखवली, पाककृतींची दाखवली. वन्संनी विचारलं, "यात थ्रीडी कार्ड कुठलं बसतं?" सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या खोलात जाऊ नका. आम्ही तयार मशीन देतो, प्रिंटरसकट, वर स्टॅबिलायझर फ्री." त्यांना स्वतःला त्या खोलाचा तळ माहीत नव्हता हे पाचच मिनिटांत कळलं. कार्ड म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी "इम्पोर्टेड असतं" असं उत्तर दिलं. टायला डाग होता.

वन्सं मात्र मिरज स्टेशनवरच्या स्टॉलवरून कॉम्प्युटरची मासिकं आणून माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसायच्या. शनिवारी साताऱ्याहून यायच्या, रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं परत. पैसे मोजके होते, तेव्हा कशावर खर्च करायचा आणि कशाला काट मारायची, हाच सगळा प्रश्न होता. सगळे सांगायचे की सर्वांत भारी प्रोसेसर घ्या. वन्संनी ठरवलं, तो एक पायरी खालचा चालेल; या खेळात डोंगर, ढग, धावपट्टी हे सगळं क्षणोक्षणी रंगवून काढावं लागतं आणि ते काम थ्रीडी कार्ड करतं, तेव्हा जीव तिथं ओतायचा. मेमरी मात्र दुप्पट. मॉनिटर लहान आणि वापरलेला. प्रिंटर नको, दिव्यांचं कॅबिनेट नको, मोठाले स्पीकर नकोत. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला स्पीकरची काय मातब्बरी. "लोक चांदीचं ताट घेतात आणि त्यात कालचं पिठलं वाढतात," त्या म्हणायच्या. आमचे हे पेपरआडून म्हणाले, "ताईचं आता मोक्षाकडे बघायचं वय, आणि बघतायत काय, तर मेमरी." स्वतः ते त्या वेळी शब्दकोडं सोडवत होते. तेही अर्धंच.

शेवटी त्याच सरांकडे ऑर्डर दिली, कारण पुण्याहून सुटे भाग मागवून जोडून देणारा दुसरा कुणी नव्हता. वन्संनी एकेक भाग नावानिशी सांगितला, सगळे पैसे आधी भरले. नेमका तेव्हाच अण्णांच्या मुलाला इंजिनिअरिंगला डोनेशन भरून प्रवेश घ्यायचा होता, आणि फरकाच्या पैशांवर अण्णांचा डोळा होता. त्यांनी वन्संना घरी बोलावून समजावलं. पोराचं भविष्य, घराण्याचं नाव, वगैरे. पोराला गणितात किती पडले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. वन्सं म्हणाल्या, "अण्णा, तुमचं शिक्षण मी केलं. तुमच्या मुलाचं तुम्ही करा." यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

मशीन आलं. दुलईत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन मी वन्संबरोबर एस.टी.नं साताऱ्याला गेले. संध्याकाळी त्यांनी सगळं जोडलं, खेळ सुरू केला, आणि विमान धावपट्टीवरच अडखळलं. चित्र पुढं सरकेना. सरकलं की उडी मारायचं. डोंगर म्हणजे नुसते खडबडीत चौकोन. वन्संनी दोन-तीनदा परत सुरू करून बघितलं. मग मशीन बंद केलं, पेचकस आणला, कॅबिनेट उघडलं आणि टॉर्चचा उजेड पाडून आत बघत राहिल्या.

"नलू," त्या म्हणाल्या, "कार्ड नाहीये यात."

पुढच्या रविवारी आम्ही ते मशीन पुन्हा एस.टी.त घालून सांगलीला आणलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. वन्संनी चपला काढल्या नाहीत. सरळ आत जाऊन त्यांनी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "माझं कार्ड कुठंय?" सर आधी म्हणाले, आलंच नाही. मागं मशीन जोडणारा तानाजी म्हणून पलूसचा एक माणूस बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "आवं सर, कपाटात हाय की. तुमीच ठिवाया सांगितलं न्हवं का."

मग सरांनी टाय सैल केला. "मॅडम, अण्णासाहेबांचा फोन होता," ते म्हणाले. "म्हणाले, बाईमाणूस आहे, हट्टाला पेटलीय, तिला साधं मशीन द्या. कळणार नाही. कार्डाचे आणि मेमरीचे पैसे माझ्याकडे पाठवा, घरातलाच मामला आहे. आम्ही एका क्लबात आहोत ना... मला नाही म्हणता आलं नाही." म्हणजे मेमरीही निम्मीच घातली होती. ज्या माणसानं एका बाईला तिच्याच पैशांत फसवलं, तो आम्हाला आपली अडचण सांगत होता. मी आजवर पुष्कळ भित्री माणसं बघितली, पण भीतीला सभ्यपणा समजणारी जात सर्वांत हलकी.

वन्सं ओरडल्या नाहीत. मशीन तिथंच ठेवून त्या रिक्षात बसल्या आणि आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते.

"तुझ्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "लोक हसतात शरू. पन्नाशीची बाई, आणि विमानं उडवते म्हणे."

"लोक काय बोलतात ते ऐकतच जन्म गेला माझा. नोकरीच ती आहे," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही माझ्या नावानं दुसऱ्याला काय सांगता, ते मात्र मला उशिरा कळतं. मिरजेला कळवलंत तेव्हाही भल्यासाठीच होतं ना?"

अडकित्ता थांबला. मिरजेचं वन्संना ठाऊक आहे, हे अण्णांना त्या क्षणी कळलं असावं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "ते आता काय उकरायचं..."

"उकरत नाहीये. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण बोलून तो माणूस परत येणार नव्हता. कार्ड परत येतं. फोन लावा."

अण्णांनी फोन लावला. वकील माणूस, पण पैसे परत पाठवतो, सामान देऊन टाका, एवढं सरांना सांगताना शब्द सापडत नव्हते. आम्ही परत दुकानात गेलो तेव्हा तानाजीनं कार्डाचा खोका काउंटरवर काढून ठेवला होता. सर पेचकस घेऊन पुढं आले, पण वन्संनी हात पुढं केला आणि पेचकस मागून घेतला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी स्वतः कार्ड खाचेत बसवलं, मेमरीच्या पट्ट्या दाबल्या, स्क्रू पिळला. तानाजी म्हणाला, "बराबर बसलंय बगा." पुन्हा अण्णांच्या घराची पायरी वन्सं चढल्या नाहीत. तेराव्याची पंगत त्या घरात झाली, हे त्यांना आवडलं नसतं.

त्यानंतर दोन वर्षं त्या उडत राहिल्या. मी साताऱ्याला गेले की ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन त्या बसायच्या आणि मला शेजारी स्टूल द्यायच्या. खाली परक्या देशांतली शहरं, नद्या, दिव्यांच्या रांगा. उतरताना बोललेलं त्यांना खपायचं नाही. चाकं टेकली की मोठा श्वास सोडून म्हणायच्या, "हं, आता बोल." मी त्यांना इतकं आनंदात दुसरीकडे कुठंच बघितलं नाही, हे मला त्या पंगतीत सांगायचं होतं. त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं, भांडून मागितलं होतं, आणि मिळवलं होतं. त्यागाची मूर्ती वगैरे नव्हत्या त्या. आधी घरासाठी जे गेलं तो त्याग नव्हता, ती वसुली होती आणि ती अण्णांनी केली होती.

तेराव्यानंतर खोल्या रिकाम्या करायला आम्ही साताऱ्याला गेलो. अण्णाही आले, वस्तूंची वाटणी म्हटलं की ते येतातच. टेबलावर मशीन होतं, कॅबिनेटची एक बाजू उघडी. वन्सं ती कधीच लावत नसत. झाकण कपाटामागं उभं असायचं, आणि रंगाच्या बारीक ब्रशनं त्या आतली धूळ झाडायच्या. येणाऱ्यांना वाटायचं, मशीन बिघडलंय. "बिघडलं नाही," त्या सांगायच्या, "आत काय आहे ते मला दिसलेलं बरं."

मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा अण्णांनी ते झाकण शोधून काढलं होतं आणि वाकून स्क्रू पिळत होते. "काय हा गबाळेपणा," ते म्हणाले. "असं उघडं कुणी ठेवतं का? भाव येणार नाही."

मी पेचकस त्यांच्या हातातून घेतला. एकेक स्क्रू काढला, झाकण कपाटामागं नेऊन ठेवलं, आणि म्हटलं, "हे मी माझ्याकडे नेते आहे. असंच."

अण्णा सरळ झाले आणि त्यांनी रुमाल काढून हात पुसले. मी ब्रश घेतला आणि आतली पंधरा दिवसांची धूळ झाडायला बसले.