पहिली मूठ तुमची नव्हे

कोणी विचारलेलं नसताना स्वतःच्याच मालाचं वाईट सांगणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच होता, आणि पारोळ्याला असताना आम्ही त्याच्याच घरात भाड्याने राहत होतो. आमचे घरमालक. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. आम्ही पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी कुलूप काढलं ते बोलत बोलतच. "आधीच सांगतो. हा कोपरा पावसाळ्यात गळतो. मोरीतून दर साल एखादा तरी विंचू निघतो. भिंत पातळ आहे आणि मी घोरतो. आमची मंडळी भांडत नाही, पण तिचं साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं वाटतं." तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींनी, म्हणजे अक्कांनी, विचारलं, "कोन शे?" आणि आम्ही दोघंही दचकून एक पाऊल मागे सरलो. मी पदराआड हसले. खोली गळकी असली तरी माणूस गळका नाही, असं माझे यजमान म्हणाले, आणि आम्ही तिथे राहिलो.

घराच्या पुढच्या अंगाला नानांची पिठाची चक्की होती. चक्कीच्या दगडात आधीच्या दळणाचं थोडं पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. सगळे चक्कीवाले हे जाणतात आणि गप्प बसतात. नाना मात्र पट्ट्याच्या आवाजाच्या वर ओरडायचे, "आधी बाजरी होती, पहिली मूठ तुमची नव्हे! आधीच सांगतो!" बायका चिडवायच्या, "मग कोणाची ते सांगा नाना, परत देऊन येते." नाना खरंच सांगायचे. त्यामुळे कोणाच्या घरी पाहुणे येणार, कोणाच्या घरी गहू संपून ज्वारीवर आलं, हे सगळ्या गल्लीला चक्कीवरच कळायचं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या ताटल्या हातात पडायच्या आधीच नानांनी सांगून टाकलं, "मुलगी रागीट आहे. माझ्यावर गेली नाही, तिच्या आईवर गेली." अक्कांनी आत कपाळाला हात लावला. मुलाचे वडील म्हणाले, "जो एवढं सांगतो, त्याच्याकडे लपवायला काय उरलं असेल? नारळ आणा."

एकदा मात्र ते ओरडले ते गमतीने नव्हे. एका शेतकऱ्याने पेरणीतून उरलेली ज्वारी दळायला आणली होती. बियाण्याला किडीचं विषारी औषध लावलेलं, दाणा गुलाबी दिसत होता. नानांनी चक्की बंद केली. तो माणूस म्हणाला, "मी धुऊन आणलंय. माझं मी खाईन, तुम्हाला काय?" नाना म्हणाले, "तुझं तू एकटा खाऊच शकत नाहीस. तुझी पहिली मूठ पुढच्या बाईच्या डब्यात जाणार." त्या दिवशी पुढची बाई हमीदाभाभी होती. तिचा नवरा पिंजारी गल्लीत गाद्या भरायचा. तीही माझ्यासारखीच कमी बोलणारी. आम्ही दोघी आपापल्या डब्यांवर शेजारी बसायचो, काहीच बोलायचो नाही, आणि दळण झालं की एकमेकींच्या डोक्यावर डबा चढवून द्यायचो. आमची मैत्री एवढीच होती, पण पक्की होती.

मग नगरपालिकेची निवडणूक लागली आणि लोकांनी नानांना उभं केलं. खरं बोलणारा माणूस एकदा तिथे बसवून बघू, असं सगळ्यांच्या मनात आलं. त्यांना छत्री ही निशाणी मिळाली. प्रचाराला निघाले तरी नाना तेच. "नळाला पाणी रोज येईल असं मी म्हणत नाही. आधीच सांगतो." लोक हसायचे आणि मत देऊ म्हणायचे.

त्या वर्षांत हवा तापलेली होती. गावात काही पोरांनी मंडळ काढलं होतं. ते गणपती बसवण्याचं मंडळ नव्हतं. कोणाच्या दुकानातून घ्यायचं आणि कोणाच्या नाही, हे ठरवणारं होतं. एका सकाळी चक्कीच्या भिंतीवर भली मोठी छत्री रंगवलेली दिसली आणि तिच्याखाली ओळ, 'नानांना निवडा, पिंजारी गल्ली रिकामी करा.' मी चौथी शिकलेली, पण ती ओळ मला एका दमात वाचता आली.

मला वाटलं, आता नाना आभाळ डोक्यावर घेतील. पण दोंडाईच्याहून अक्कांचे भाऊ येऊन बसले होते. निवडणुकीतलं त्यांना सगळं कळायचं. भिंत पातळ असल्यामुळे मलाही ते ऐकू आलं. "दाजी, तुम्ही त्या पोरांना बोलावलं? नाही. लिहा म्हणून सांगितलं? नाही. मग नाकारायचं कशाला? त्यांच्या मागे त्यांचे बाप आहेत, काके आहेत, अर्धा वॉर्ड आहे. तुमच्या चक्कीवर कोणीही दळण आणतो, तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते विचारता का? मत पण तसंच. येतंय ते येऊ द्या. भिंतीला चुना मारायचा तर निकालानंतर मारा." मला त्या बोलण्यात खोट सापडेना. मी बराच वेळ शोधत होते.

नाना गप्प झाले. चक्की चालायची, पण तिच्यावरचा आवाज गेला. हमीदाभाभी आमच्या दारावरून डबा घेऊन गेली, थेट बाजारातल्या चक्कीकडे. भिंतीजवळ आल्यावर तिने पदर पुढे ओढला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या ज्वारीची भाकरी पोराने तोंडात घातली आणि तो रडायला लागला. मीही खाऊन पाहिली. नुसती आग! बाजाराच्या आदल्या दिवशी नाना मिरची दळायचे, मग घरची ज्वारी घालून दगड साफ करायचे आणि तरीही दिवसभर सांगत राहायचे. या वेळी साफही केलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. तक्रार करायला माझं तोंड उघडेना. मी भाकरी नेऊन अक्कांच्या हातावर ठेवली. त्यांनी घास घेतला, ठसका लागला, आणि तशाच चक्कीत गेल्या. "बठ्ठा गावले सांगतस, आनि आज मिरचीनं सांगाले तोंड नही का तुमले?"

नानांनी ती भाकरी घेतली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं असेल. म्हणाले, "एक गोष्ट गिळली, की सगळंच गिळायची सवय लागते."

दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या चौकात त्यांची सभा होती. मी ओट्यावर खांबामागे उभी राहून ऐकलं. "भिंतीवरची ओळ माझी नाही," नाना म्हणाले. "मेहुणे म्हणतात, दळण कोणाचंही घेता, मग मत का नाही? दळण मी कोणाचंही घेतो, खरं आहे. पण औषधाचं बियाणं आलं तेव्हा चक्की बंद केली होती, हे गल्लीने बघितलंय. मी काही न बोलता निवडून आलो, तर ते पीठ माझ्या डब्यात थांबणार नाही, पिंजारी गल्लीच्या ताटात जाईल. ज्यांनी हे लिहिलं त्यांची मतं मला नकोत. त्यांनी छत्रीवर शिक्का मारू नये."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "नाना, पडाल!"

"पडेन," नाना म्हणाले. "आधीच सांगतो."

मग त्यांनी भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, स्वतः भिंतीला चुना मारला. कुंचला हाताळायची सवय नव्हती, ओळीबरोबर निम्मी छत्रीही गेली. गावाने त्यांना 'अर्धी छत्री' नाव ठेवलं. नाना पडले, आणि चांगले आपटले. मंडळाच्या पोरांच्या घरची दळणं बाजारात जायला लागली. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, अक्कांना माहेरचं बोलावणं आलं नाही. अंगणातल्या झोक्यावर त्या एकट्याच बसून राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला मी ऐकला. नानांच्या बोलण्याची किंमत त्यांनीही दिली, हे कोणी बोललं नाही.

मला वाटलं होतं, सभेच्या दुसऱ्याच दिवशी हमीदाभाभी येईल. ती आली नाही. भिंतीवरचं पुसलं तरी वाचलेलं लगेच पुसलं जात नसावं. पावसाळा सरला, कापूस निघाला, तेव्हा एक दिवस ती डबा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. माझं दळण होऊन तिचं लागलं. नाना पट्ट्याच्या वर ओरडले, "भाभी, आधी ह्यांची ज्वारी होती. पहिली मूठ तुमची नव्हे!"

"आने दो, नाना," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर डबा चढवून दिला.

पुढे आम्ही जळगावला आलो. नाना गेल्याचं कळलं ते उशिरा, कोणाच्या तरी लग्नात. आता मुलाने मला घरघंटी घेऊन दिली आहे. कपाटाएवढी, पांढरी, आवाजही फार नाही. पीठ अगदी स्वच्छ येतं, त्यात दुसऱ्या कोणाचा दाणा येत नाही. डबा उघडला की पहिली मूठही माझीच असते. तरी ती उचलायच्या आधी मी थोडी थांबते, कोणी काही ओरडतंय का म्हणून.