अधांतरी चाक

पन्नाशीतल्या शिंप्याला म्हातारचळ लागलाय, असं अख्खी गल्ली म्हणायची. वारलेल्या थोरल्या भावाची माउंटन बाइक घेऊन तो रोज दुपारी बंद गोदामामागच्या सिमेंटवर जायचा आणि नुसत्या मागच्या चाकावर तोल सावरायला शिकायचा. भाऊ होता तेव्हा तो पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलून धरायचा, समोरून अनवाणी उलटा चालायचा आणि म्हणायचा, "ब्रेकवरचं बोट काढू नकोस, गाढवा."

आता शिंपी एकटाच. बादलीभर पाणी ओतून तो त्यातून सायकल काढायचा आणि पुढच्या चाकाची ओली रेघ जिथे तुटायची, तिथून चाक पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर टेपने मोजायचा. तीन फुटांपुढे गाडी कधी सरकली नव्हती.

त्या दिवशी उचललेलं चाक खाली येईचना. ब्रेक करकचून दाबला, तेव्हा कुठे ते टेकलं. शिंपी खुशीत टेप काढून खाली उतरला. रेघ चांगली वीस फूट तुटली होती. पण तेवढ्याच वीस फुटांत, मागच्या चाकाच्या रेघेच्या दोन्ही अंगांना, अनवाणी ओली पावलं उमटली होती. सगळ्यांची बोटं सायकल जिथून निघाली त्या बाजूला, उलटी चालत आलेली. शेवटची जोडी पुढच्या चाकासमोर होती, आणि तिच्याखालून पाणी अजून पसरत होतं.