चौदावी तपासणी

आत्या पेन्सिलीनेच लिहायच्या. घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवायच्या आणि वेळ सांगताना सात वजा करून सांगायच्या. संगणक अडला की त्याला "हळू, बाबा, हळू" म्हणायच्या. बिस्किट मोडून मोठा तुकडा दुसऱ्याला द्यायच्या आणि मग त्याच्याकडे बघत बसायच्या.

नात्याने त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून आत्या.

नऊ वर्षं त्यांनी एकच गोष्ट मोजली. चार्म मेसॉन नावाचा कण क्षणात फुटतो. फुटताना कधी इलेक्ट्रॉन देतो, कधी म्युऑन. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा दोनशेपट जड भाऊ. निसर्ग दोघांना सारखंच वागवतो, असा सिद्धांत. जडपणामुळे काय तो फरक पडेल; शंभर इलेक्ट्रॉनांमागे साधारण सत्त्याण्णव म्युऑन. आकडा वेगळाच निघाला, तर निसर्गही पंक्तिप्रपंच करतो म्हणायचं.

खरा आकडा संगणकाने झाकून ठेवला होता. चौदा तपासण्या झाल्याशिवाय तो उघडायचा नाही, हा तिथला नियम. तेरा झाल्या होत्या. आणि शुक्रवारी आत्या निवृत्त होणार होत्या. आकडा बघून जायला मिळतं का, एवढाच प्रश्न होता.

चौदावी नाठाळ निघाली. पायॉन नावाचा कण थेट म्युऑनसारखा दिसतो. तो किती वेळा फसवतो, हे वेगाच्या बारा पट्ट्यांत मोजायचं होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत सहा पट्ट्या झाल्या होत्या.

गटप्रमुख चहा घेऊन आला. त्याला आत्यांनीच शिकवलेलं.

"आत्या, तुम्ही एकट्या आकडा बघून घ्या. मी बाहेर थांबतो."

"आणि मी बाहेर आल्यावर?"

"काही बोलायचं नाही."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, बाळा."

"नऊ वर्षं झाली, आत्या. एक बटण आहे."

आत्यांचा हात माऊसवर गेला. तिथेच राहिला.

"तरुणपणी एकदा असाच आकडा आधी बघितला होता," त्या म्हणाल्या. "भारी आवडला. मग पुढची प्रत्येक तपासणी मला बरोबरच वाटत गेली. चार महिन्यांनी शोधनिबंध मागे घेतला. नवरा आठवडाभर एकदाही चेष्टा करेना. इतकी वाईट वेळ!"

"पण आता उरलेलं काम मी करणार ना?"

"तू माझं तोंड बघशील. मग तुझाही हात तिकडेच वळेल."

त्यांनी माऊस बाजूला सारला आणि कप उचलला.

"साखर कमी आहे. हे मात्र उघड सांगते."

तो हसला.

दिवसभर आत्या पायॉन मोजत बसल्या. निरोपाच्या भाषणांसाठी तीनदा बोलावणं आलं. चौथ्यांदा गटप्रमुख स्वतः दाराशी येऊन उभा राहिला.

"आले, आले. आकडा निघाला की फोन कर. जेवत असले तरी कर."

नववी पट्टी भरून त्या उठल्या. कागदावर खाली दहा, अकरा, बारा. या तिन्हींपुढची जागा कोरी होती.